दहा संगणक, एक प्रतिमा आणि नक्कल न करायचा शिक्का

१/
देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणावी. खोलीत दहा नवे संगणक आले आहेत. एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे. प्रत्येकावर तीच कार्यप्रणाली, तोच मराठी कळफलक, तीच प्रिंटरची जोडणी हवी आहे. काम करणारा शिक्षक एक आणि हाताशी शनिवार-रविवार. हे सारे दहा वेळा करायचे, की एकदा करून नऊ वेळा उतरवून काढायचे? आणि उतरवायचे तर कोणत्या साधनाने?
प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याच्या मागे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास उभा आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा.

२/
आधी स्थळकाळ. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आठ तालुक्यांचा हा जिल्हा आणि महाराष्ट्रातील गावोगावची संगणक-खोली ही जवळजवळ समवयस्क. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यांपर्यंत पोहोचली. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शालेय आयसीटी योजना सुरू झाली. यंत्रे एकेकटी न येता दहा-दहाच्या संचांत येऊ लागली. संच आला की 'सारखेपणा' हा प्रश्न आपोआप आला.

३/
त्याआधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नव्हता. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यातील यंत्र होते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. त्याची कार्यप्रणाली आणि बेसिक ही भाषा, दोन्ही आतल्या रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली असत. बटण दाबले की यंत्र तयार. विद्यार्थ्याने काहीही केले तरी बंद करून पुन्हा सुरू केले की ते मूळपदावर येई.
दहा यंत्रे सारखी ठेवण्यासाठी कोणाला काहीच करावे लागत नसे. सारखेपणा कारखान्यातच घडवलेला होता.

४/
कार्यप्रणाली चिपमधून चकतीवर आली आणि चित्र बदलले. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या पीसी-डॉसमध्ये 'डिस्ककॉपी' नावाची आज्ञा होती. १६० किलोबाइटची एक फ्लॉपी जशीच्या तशी दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवणे एवढेच तिचे काम. फायलींची नावे वाचत बसायचे नाही. चकतीवर जे जिथे आहे ते तिथेच लिहायचे. नंतरच्या काळातील 'डिस्क इमेजिंग'चे बीज या साध्या आज्ञेत आहे.

५/
याच जातीची एक थोरली आज्ञा युनिक्समध्ये आधीपासून होती: 'डीडी'. १९७४ च्या सुमारास, युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत ती आढळते. ती आजही प्रत्येक लिनक्स संगणकावर आहे आणि फुकट आहे. मग वेगळे साधन निवडायचेच कशाला?
कारण डीडी आंधळी आहे. ८० जीबीच्या चकतीवर ८ जीबीच मजकूर असला तरी ती ८० जीबी उतरवते. शिवाय 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर तयार यंत्रावर कोरी चकती लिहिली जाते आणि मूळ प्रतच नाहीशी होते. ती काहीही विचारत नाही. सांगितले ते करते.

६/
१९८३ च्या आयबीएम एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. ३६० किलोबाइटच्या फ्लॉप्यांवर तिची प्रत घ्यायची तर सुमारे २८ फ्लॉप्या लागल्या असत्या. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले. त्याचा फ्लॉपी-संच १३ फ्लॉप्यांचा होता. दहा यंत्रे म्हणजे १३० वेळा फ्लॉपी घालणे आणि काढणे. त्यातली एक जरी खराब निघाली तरी काम पहिल्यापासून.
सीडीने फ्लॉप्या संपवल्या. संगणकासमोर बसून तेच तेच प्रश्न आणि तीच तीच उत्तरे देणे मात्र संपले नाही.

७/
मराठी शाळेत त्यात आणखी एका कामाची भर होती. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसावी आणि लिहिता यावी यासाठी प्रादेशिक भाषांच्या विभागात जाऊन एक खास चौकट निवडावी लागे, मूळ सीडी पुन्हा घालावी लागे, मग यंत्र बंद करून सुरू करावे लागे. त्यानंतर कळफलक जोडायचा, त्यानंतर टंक बसवायचे. एखाद्या यंत्रावर ही पायरी राहिली की त्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसत आणि जोडाक्षरे फुटत.
एका यंत्राला धरून तीन तास गेले असे समजा. दहा यंत्रांचे तीस तास होतात. शनिवार-रविवार तिथेच संपतो.

८/
नेमका हाच त्रास जगभरच्या कार्यालयांना आणि महाविद्यालयांना होत होता. त्यावरचे गाजलेले उत्तर आले न्यूझीलंडमधून. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास 'घोस्ट' लिहिले. तयार केलेल्या एका संगणकाची संपूर्ण चकती एका फायलीत बांधायची आणि ती फाईल दुसऱ्या संगणकावर उलगडायची, ही त्याची रीत. मजकूर कुठे आहे आणि जागा कुठे रिकामी आहे हे त्याला कळे, त्यामुळे लहान चकतीवरची प्रत मोठ्या चकतीवरही नीट बसे.
जून १९९८ मध्ये सिमँटेकने घोस्ट विकत घेतले. पुढे 'यंत्र घोस्ट करणे' हे क्रियापदच संगणक दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी बसले.

९/
घोस्टच्या चौथ्या आवृत्तीत 'मल्टिकास्ट' आले. ते समजण्यासाठी थोडा हिशोब करू.
१०० मेगाबिटच्या जाळ्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वाहतात. १० जीबीची प्रतिमा एका यंत्रावर जायला ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंद. दहा यंत्रांना एकामागून एक पाठवली तर सव्वादोन तासांच्या आसपास.
मल्टिकास्ट म्हणजे घरोघरी निरोप देण्याऐवजी चावडीवर दवंडी पिटणे. निरोप एकदाच निघतो आणि दहाही जण तो एकाच वेळी ऐकतात. सव्वादोन तासांचे काम पुन्हा पाव तासावर येते.

१०/
इथवरचा इतिहास वेगाचा झाला. यापुढचा इतिहास अधिक खोल आहे. तो समजण्यासाठी जरा मोडी दप्तराकडे वळू.
मराठेशाहीतील सनदांच्या शेवटी बहुधा अशी सूचना असते की, या पत्राची प्रत दप्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र धन्याकडे भोगवट्यासाठी परत द्यावे. कारकून मजकूर अक्षरशः उतरवी. परंतु शिक्का आणि मोर्तब यांचे बळ अस्सलालाच असे. नक्कल मजकुराची होई, अधिकाराची होत नसे. अस्सल आणि नक्कल दोन्ही शिक्क्यासह सारखेच फिरू लागले, तर वतन कोणाचे हे ठरवायचे कसे?

११/
डिस्क इमेजिंगने नेमकी हीच मर्यादा ओलांडली. विंडोज एनटीच्या घराण्यातील प्रत्येक यंत्राला बसवताना एक सुरक्षा-ओळखक्रमांक मिळतो. त्याला 'एसआयडी' म्हणतात. तो त्या यंत्राचा शिक्काच. संपूर्ण चकतीची प्रतिमा घेतली की मजकुराबरोबर शिक्काही उतरतो. दहा संगणक केवळ सारखे राहत नाहीत. ते आपल्याला एकच संगणक समजू लागतात.
मायक्रोसॉफ्टने यावर 'सिसप्रेप' हे साधन दिले आणि विंडोज २००० च्या काळापासून ते रूढ झाले. प्रतिमा घेण्याआधी ते यंत्राची ओळख पुसते. उलगडल्यावर प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा शिक्का घडवते.

१२/
याच काळात मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या जोडीची साधने प्रसिद्ध झाली. रुसिनोविच यांनी १९९७ मध्ये आणलेले साधन पुढे 'न्यूएसआयडी' म्हणून ओळखले गेले. आधीच उतरवलेल्या यंत्राचा शिक्का ते बदलून देई. सिसप्रेपची शिस्त ज्यांना जड वाटे, त्यांना हा सोपा मार्ग होता.
आणि मग नोव्हेंबर २००९ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेल्या रुसिनोविच यांनी स्वतःचेच हे साधन मागे घेतले.

१३/
त्यांचा युक्तिवाद असा: दोन यंत्रांचा एसआयडी सारखा असला म्हणून नेमके काय बिघडते, याचा शोध घेतला असता ठोस उदाहरण सापडले नाही. जाळ्यावर यंत्राचा हा क्रमांक तपासलाच जात नाही. म्हणून सारख्या शिक्क्याचे भय ही दंतकथा आहे. त्याच वेळी त्यांनी सावधही केले. ओळखीच्या इतर खुणा असतात, सुधारणा वाटणाऱ्या मध्यवर्ती सेवेत सारखे ओळखक्रमांक गोंधळ घालतात, आणि मायक्रोसॉफ्टची अधिकृत शिफारस सिसप्रेपचीच आहे.
वाचणाऱ्यांनी पहिला भाग लक्षात ठेवला. दुसरा बहुतेक विसरले.

१४/
इतिहासाने सोळा वर्षांनी उत्तर दिले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या सुधारणांनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये सारखा एसआयडी असलेल्या यंत्रांना परस्परांशी ओळख पटवता येईना. सामायिक फोल्डर उघडेनात, दूरस्थ जोडणी नाकारली जाऊ लागली. सुरक्षेसाठी ही तपासणी मुद्दाम कडक केली आहे, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले. उपाय तोच जुना: सिसप्रेपच्या मार्गाने पुन्हा प्रतिमा करणे.
'आज काही बिघडत नाही' हा पुरावा आजपुरताच असतो. दप्तरातील नियम उगाच केलेले नसतात.

१५/
हा दोष केवळ विंडोजचा, असे मानू नये. लिनक्स यंत्रालाही स्वतःचा यंत्र-ओळखक्रमांक असतो आणि दूरस्थ जोडणीसाठी स्वतःच्या गुप्त किल्ल्या असतात. प्रतिमा घेताना त्या पुसल्या नाहीत, तर दहा घरांना एकच किल्ली लागते. एका यंत्राची किल्ली चोरीला गेली की दहाही यंत्रे उघडी पडतात.
कार्यप्रणाली कोणतीही असो, मजकूर सारखा हवा आणि शिक्का वेगळा. निवडलेल्या साधनाला हा भेद कळतो की तो आपल्याला हाताने पाळावा लागेल, हे पाहणे ही निवडीची पहिली कसोटी.

१६/
दुसरी कसोटी काळाची. प्रतिमा ही यंत्राबरोबर त्या दिवसाचीही प्रत असते.
२३ ऑक्टोबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर भगदाड बुजवणारी सुधारणा दिली. नोव्हेंबरमध्ये त्याच भगदाडातून 'कॉन्फिकर' हा किडा पसरू लागला. पुढे तो पेनड्राइव्हमधूनही फिरू लागला. समजा एखाद्या प्रयोगशाळेने यंत्रे स्वच्छ करण्यासाठी २००७ ची प्रतिमा पुन्हा उलगडली. यंत्रे स्वच्छ होतील, पण भगदाडही दहाच्या दहा यंत्रांवर परत येईल. सारखेपणा जितका पूर्ण, तितका एकच रोग सर्वांना एकदम.
म्हणून प्रतिमेवर तारीख लिहावी आणि ती ठरावीक काळाने नव्याने घ्यावी.

१७/
तिसरी कसोटी यंत्रांचीच. 'एकसारखे' संगणक कागदावर एकसारखे असतात. त्याच बनावटीच्या दुसऱ्या खेपेत जाळ्याची चिप वेगळी निघते, किंवा चकती थोडी लहान निघते. मदरबोर्ड बदललेल्या यंत्रावर जुनी एक्सपीची प्रतिमा उलगडली की अनेकदा निळा पडदाच दिसे. अनेक साधने मूळ चकतीपेक्षा लहान चकतीवर प्रत उतरवायला नकार देतात.
म्हणून अनुभवी माणूस मूळ प्रत सर्वांत लहान चकतीच्या यंत्रावर तयार करतो आणि आधी एकाच दुसऱ्या यंत्रावर उलगडून पाहतो. उरलेल्या आठांना तो नंतर हात लावतो.

१८/
चौथी कसोटी परवान्याची. उतरवता येते म्हणून उतरवण्याचा हक्क मिळत नाही. २००१ च्या एक्सपीपासून विंडोजला सक्रियीकरण लागू लागले. यंत्राबरोबर मिळालेला विंडोजचा परवाना त्या एका यंत्रापुरता असतो. एकच प्रतिमा अनेक यंत्रांवर उतरवण्याचा हक्क संस्थात्मक परवान्यातून येतो. मराठी लेखनाच्या काही जुन्या साधनांना तर संगणकाला जोडायचे प्रत्यक्ष कुलूप असे. प्रत दहा यंत्रांवर गेली तरी कुलूप एकच राही.
मुक्त प्रणालींचे आकर्षण इथे आहे. सी-डॅकच्या बॉस लिनक्सची प्रत दहा यंत्रांवर नेण्यास प्रणालीचा परवाना आड येत नाही.

१९/
आणि उतरवणारे साधनही मुक्त असावे, हा विचार तैवानमध्ये फळाला आला. तेथील राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात आधी 'डीआरबीएल' तयार झाले होते. चकती नसलेली यंत्रे जाळ्यावरून चालवण्याची ती सोय होती. त्यातूनच स्टीव्हन शियाऊ आणि सहकाऱ्यांचे 'क्लोनझिला' निघाले. ते फक्त भरलेली जागा उतरवते, मल्टिकास्ट करते आणि पेनड्राइव्हवरूनही चालते.
५.६ जीबीची प्रतिमा ४१ संगणकांवर सुमारे दहा मिनिटांत उतरवल्याचा अनुभव त्याच्या कर्त्यांनी नोंदवला आहे. हिशोब करून पाहा: सेकंदाला सुमारे ९.३ मेगाबाइट. वर काढलेल्या १२.५ च्या मर्यादेत तो नेमका बसतो. दावा तपासण्याची हीच रीत.

२०/
२००७ च्याच सुमारास 'फॉग' आले. त्याच्या नावातच 'मुक्त घोस्ट' असा अर्थ दडलेला आहे. त्याला एक कायमचा सर्व्हर लागतो. यंत्रे पेनड्राइव्हशिवाय, जाळ्यावरूनच सुरू होतात. त्यासाठी इंटेलने १९९९ मध्ये ठरवलेली पीएक्सई ही पद्धत वापरली जाते. एकदा मांडणी झाली की खुर्चीवरून न उठता साऱ्या खोलीला नवी प्रतिमा देता येते. शंभर यंत्रांच्या महाविद्यालयाला ते शोभते. दहा यंत्रांच्या शाळेत मात्र तो सर्व्हर सांभाळणे हेच अकरावे काम होऊन बसते.

२१/
आणि घोस्ट? घरगुती ग्राहकांसाठीचे नॉर्टन घोस्ट ३० एप्रिल २०१३ रोजी बंद झाले. संस्थांसाठीचा संच तेवढा पुढे चालू राहिला. ज्यांच्या कपाटात जुन्या प्रतिमांच्या सीडी होत्या, त्यांच्यापुढे नवा प्रश्न आला: त्या उलगडायच्या कशाने?
क्लोनझिलाची प्रतिमा म्हणजे एक फोल्डर असते. त्यात चकतीच्या विभागांचा तपशील साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेला असतो. साधन उद्या नाहीसे झाले तरी जाणकाराला वाचता येईल असे काही मागे उरते. मोडी वाचणारा माणूस असेल, तरच दप्तर बोलते. स्वरूप उघडे असेल, तरच प्रतिमा बोलते.

२२/
ही शेवटची कसोटी गोंदियासारख्या जिल्ह्यात सर्वांत जड ठरते. महाराष्ट्रात शालेय आयसीटी योजना 'बांधा, चालवा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर राबवली गेली. कंत्राटदार यंत्रे बसवतो, काही वर्षे चालवतो आणि मुदत संपली की शाळेच्या हवाली करतो. यंत्रे शाळेत राहतात. ती मांडणाऱ्याचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर निघून जाते. मूळ प्रतिमा कुठे आहे, संकेतशब्द काय, कोणते साधन वापरले, हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर पहिल्या बिघाडानंतर एक यंत्र बंद पडते, मग दुसरे, आणि अखेरीस खोलीला कुलूप लागते. देवरीहून किंवा दरेकशाहून नागपूरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावणे प्रत्येक शाळेला परवडत नाही.

२३/
म्हणून दहा यंत्रांच्या खोलीसाठी इतिहास जो कौल देतो तो असा. पेनड्राइव्हवरचे क्लोनझिला, सिसप्रेपने ओळख पुसून घेतलेली एक प्रतिमा, तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या चकत्यांवर, त्यातली एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. प्रतिमा उतरवल्यानंतर तपासणीचा पर्याय वगळू नये. मधेच वीज गेली तर अर्धवट उतरलेली चकती कामाची राहत नाही. सोबत एका कागदावर मराठीत पायऱ्या: कोणत्या तारखेची प्रतिमा, कोणत्या यंत्रावरून घेतली, 'कुठून' कोणते आणि 'कुठे' कोणते, परवाने कोणते.
विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अनेक खोल्यांना नवी मूळ प्रत आता घडवावीच लागेल. हा कागद लिहिण्याची वेळ हीच.

२४/
डिस्ककॉपीपासून क्लोनझिलापर्यंत प्रत्येक साधनाने उतरवणे अधिक सोपे केले. काय उतरवायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचे काम मात्र प्रत्येक वेळी माणसाकडेच राहिले. पेशवाईतील कारकुनाला ते ठाऊक होते: मजकूर बरहुकूम, शिक्का अस्सलाचा, आणि प्रत कुठे ठेवली त्याची नोंद दप्तरात.
तुमच्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या संगणक-खोलीत मूळ प्रतिमा कोणाकडे आहे, हे उद्या विचारून पाहा. उत्तर मिळाले तर तिथला इतिहास लिहिला जात आहे. मिळाले नाही, तर तो लिहायला तुम्हीच सुरुवात करा.
धागा समाप्त.